झाडीपट्टीतील नटी

दिवाळी सरते, धानाची कापणी उरकते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात गावोगावी नाटकांचे मांडव उभे राहतात. या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. पूर्वी येथील दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुषच लुगडे नेसून करीत. पुढे नाटकांतून स्त्रिया स्वतः रंगमंचावर आल्या.

या नटीचे काम सोपे नाही. चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीच्या मालिकेत वाक्य चुकले, तर ते पुन्हा चित्रित करता येते. येथे नाटक रात्री सुरू होते व पहाटेपर्यंत चालते. थंडीत पांघरुणे घेऊन सारा गाव समोर बसलेला असतो. चुकलेला शब्द परत घेता येत नाही. गाणीही तेथेच, वाद्यांच्या साथीवर म्हणावयाची. उजाडताच तोंडाचा रंग पुसून पुढच्या गावची वाट धरावयाची. काल दुःखी माता झालेली नटी आज कदाचित खाष्ट सासू होते.

एका कलावंताच्या वाट्याला सोंगे तरी किती यावीत? गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी सुमारे ८०० भूमिका केल्या. २०२३ साली त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

अनेक नाटकमंडळ्यांचे ठाणे वडसा येथे आहे. मुंबई-पुण्याकडील चित्रपट-कलावंतही हंगामात या मंडळ्यांतून कामे करतात. होळीच्या सुमारास मात्र मांडव उतरतात आणि झाडीपट्टीतील कित्येक नट-नटी पुन्हा शेतीकडे, मजुरीकडे वळतात.