अंधार, मोबाइल आणि तो पांढरा झोत

हळद रात्री उशिरापर्यंत रंगते, मिरवणूक दिवे नसलेल्या वळणावर येते, परसातल्या विहिरीत काहीतरी हललेलं दिसतं. माणूस मोबाइल काढतो, व्हिडिओ सुरू करतो आणि विजेच्या खुणेवर बोट टेकवतो. हिशेब सरळ असतो: उजेड कमी आहे, दिवा लावला, आता व्हिडिओ चांगला येणार. उजेड कमी आहे हे खरंच असतं. पण त्या दिव्यानं व्हिडिओ चांगला येईल की बिघडेल, हे दिवा किती दूरवर पोचतो, कॅमेरा त्याला कसा उत्तर देतो आणि समोर काय आहे, यावर ठरतं. नेमक्या याच बाबतीत समजुती फार आणि माहिती थोडी.

‘फोटोला पडतो तोच फ्लॅश व्हिडिओला पडतो’

दिवा तोच, पण त्याचा जोर तो नव्हे. फोटो काढताना मोबाइल त्या चिमुकल्या एलईडीतून क्षणभर भरपूर वीज सोडतो आणि लगेच थांबतो. तेवढी वीज सलग सोडली तर एलईडी आणि त्याच्यामागचं सर्किट तापून निकामी होईल. म्हणून व्हिडिओ सुरू असताना फोनमधली चिप वीज कित्येक पटींनी कमी करते. व्हिडिओच्या वाट्याला येतो तो साधा टॉर्च, जो लाइट गेल्यावर आपण चपला शोधायला लावतो तोच.

एके काळी काही फोनमध्ये झेनॉन वायूचा फ्लॅश असे, मोठ्या कॅमेऱ्यात असतो तसा. नोकियाच्या २००७ सालच्या एन८२ मध्ये तो होता आणि त्याचे रात्रीचे फोटो पाहून लोक चाट पडत. पण झेनॉनची नळी एकदाच लखकन पेटते, सलग जळू शकत नाही. त्यामुळे २०१३ च्या लुमिया १०२० मध्ये फोटोसाठी झेनॉन आणि व्हिडिओसाठी वेगळा एलईडी अशी जोडी द्यावी लागली. पुढे फोन पातळ होत गेले आणि झेनॉनला आत जागा उरली नाही.

‘नाइट मोडमध्ये फोटो झकास येतो, मग व्हिडिओही यायला हवा’

फोटोच्या नाइट मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ उजेड गोळा करतो, अनेक फ्रेम एकमेकींवर बसवतो आणि एक चित्र तयार करतो. व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम लागतात, म्हणजे एका फ्रेमला जास्तीत जास्त १/३० सेकंद मिळतो. तेवढ्यात जो उजेड मिळाला त्यावर भागवायचं. तो कमी पडला की फोन सेन्सरकडून आलेला क्षीण संकेत वाढवतो, त्याबरोबर दाणेही वाढतात. आपण म्हणतो, व्हिडिओ फुटला.

इथे एक चूक हमखास होते. चांगलं चित्र हवं म्हणून लोक सेटिंगमध्ये जाऊन ६० फ्रेमचा पर्याय निवडतात. भर उन्हात तो छानच असतो. अंधारात मात्र त्यामुळे प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळ निम्मा होतो आणि व्हिडिओ आणखी काळा पडतो. रात्री ३० किंवा त्याहून कमी बरं. अनेक आयफोन तर उजेड कमी दिसला की स्वतःहूनच ३० वरून २४ वर उतरतात. रात्री झूम करू नये आणि वाइड लेन्सही वापरू नये, कारण बहुतेक फोनमध्ये सगळ्यात मोठा सेन्सर मुख्य कॅमेऱ्यामागे असतो. व्हिडिओसाठी रात्रीची कसर भरून काढायला किती गणित लागतं याचा अंदाज गूगलच्या पिक्सेल ८ प्रो वरून येतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्यात आलेली सोय व्हिडिओ आधी गूगलच्या सर्व्हरवर पाठवते आणि तिथे उजळून परत आणते. हे काम फोनला एकट्याला झेपत नव्हतं.

‘लांबचं दिसत नाही, म्हणून तर फ्लॅश लावला’

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एक मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक चतुर्थांश दोन मीटरवर, एक नवमांश तीन मीटरवर. दहा मीटरवर शंभरावा भाग. वानखेडेच्या गॅलरीतून खेळपट्टी ६० मीटर दूर धरली, तर तुमच्या टॉर्चचा तिथे पोचणारा उजेड मीटरभरावरच्या उजेडाच्या ३,६०० वा भाग असतो, तोही स्टेडियमच्या प्रचंड दिव्यांपुढे. तळकोकणात रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकात मागच्या रांगेतून फ्लॅश लावणाऱ्याचा उजेड रंगमंचावर पोचतच नाही. पोचतो तो पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या टकलावर.

तो उजेड वाया गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण कॅमेरा त्या टकलाला उत्तर देतो. जवळचं काहीतरी झगझगीत दिसलं की फोन एकूण उजेड खाली आणतो, म्हणजे मुळात मंद दिव्यात बऱ्यापैकी दिसणारा रंगमंच आणखी काळवंडतो. घरातही हेच होतं. केक कापणाऱ्या मुलीवर फ्लॅश मारला की तिचा चेहरा पांढराफटक पडतो आणि मागचं घर, पाहुणे, लावलेल्या माळा सगळं गायब. फ्लॅश बंद करा, बोट चेहऱ्यावर दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच थांबतील, आणि खोलीतला एक दिवा तेवढा चालू करा. नव्वद टक्के घरगुती व्हिडिओ एवढ्यानं सुधारतील, असं माझं मत आहे. टक्के माझ्या पदरचे आहेत, पण करून पाहावं.

आणखी एक. लेन्सच्या शेजारून निघालेला उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर सावलीच पडू देत नाही. सावली नाही म्हणून नाकाचा, गालाचा उठाव नाही, त्यामुळे चेहरा कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. तोच टॉर्च दुसऱ्या फोनवर लावून बाजूनं धरला, किंवा पांढऱ्या भिंतीवर वा छतावर मारून परत येऊ दिला, तर तो मऊ होऊन पसरतो. दिवा तेवढाच, पण चेहऱ्याला रूप येतं. लग्नात छायाचित्रकाराचा माणूस दांड्यावर दिवा घेऊन बाजूनं का फिरतो, त्याचं कारण हेच.

रंगाचाही प्रश्न आहे. पणतीची ज्योत तांबूस, जुना बल्ब पिवळसर, आणि फोनचा एलईडी निळसर पांढरा. देवघरात समईच्या उजेडात फ्लॅश लावला तर फोन दोन्ही रंगांत गोंधळतो: एक तर देव निळे, नाही तर भिंती भगव्या. पूजेचा व्हिडिओ समईच्याच उजेडात, थोडा गडद येऊ द्यावा. तो तसाच शोभतो.

‘व्हिडिओत पट्ट्या सरकतात, म्हणजे उजेड कमी पडतोय’

पट्ट्यांचा उजेडाच्या कमतरतेशी संबंध नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी माळा आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्ट्या जातात. ज्या फोनमध्ये शटर हातानं बदलता येतं, त्यात हे दोन मिनिटांचं काम आहे. फ्लॅशचा इथे काहीच उपयोग नाही. तो बॅटरीवर चालतो, मंडपाच्या माळा मीटरवर.

‘गडावर रात्री काढलेल्या व्हिडिओत पांढरे गोळे दिसले’

पावसाळ्यात हे व्हिडिओ गटागटांतून फिरतात, खाली भुताखेतांची चर्चा रंगते आणि कोणीतरी गडावरच्या जुन्या लढाईचा हवाला देतो. गोळ्यांचं कारण फ्लॅश. दिवा लेन्सच्या अगदी शेजारी असल्यानं लेन्सपुढे वीतभर अंतरावर उडणारा पावसाचा थेंब, धुळीचा कण किंवा चिलट झगझगून उठतं. ते फोकसच्या फार अलीकडे असल्यानं कण दिसत नाही, धूसर गोल दिसतो. धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. गाडीवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून घाटात धुकं लागलं की ते अप्पर लावत नाहीत. घराबाहेरच्या सीसीटीव्हीत ‘आत्मे’ दिसतात तेही बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या दिव्यासमोर जाळं विणणारे कोळी असतात. पावसात शूट करताना टॉर्च मित्राच्या हातात द्या, त्याला चार पावलं बाजूला उभं करा, गोळे नाहीसे होतील.

कधी कधी पाऊस नसतानाही सगळा व्हिडिओ दुधाळ येतो. तेव्हा फोनचं पारदर्शक कव्हर काढून पाहावं. पिवळं पडलेलं कव्हर फ्लॅशचा उजेड आडवा पसरवून लेन्सपर्यंत आणतं.

‘फ्लॅशला बंदी आहे, व्हिडिओ लाइटला नाही’

अजिंठ्याला फ्लॅश लावायला मनाई आहे हे सगळे जाणतात. तरी १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत, जिथे सगळ्यात चांगली चित्रं उरली आहेत, कोणीतरी व्हिडिओ सुरू करून टॉर्च लावतो आणि हटकल्यावर म्हणतो, हा फ्लॅश नाही. तांत्रिकदृष्ट्या तो खरं बोलतो, आणि त्यानंच त्याची बाजू लंगडी पडते. रंगांचं नुकसान उजेडाची तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं, आणि ते साठत जातं. नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात तो याच कारणासाठी. क्षणात विझणाऱ्या फ्लॅशपेक्षा दोन मिनिटं भिंतीवर रोखलेला टॉर्च जास्त उजेड ओततो, आणि रांगेत मागे शेकडो माणसं उभी असतात.

काजव्यांच्या बाबतीत तर आपण आपलाच तमाशा बंद पाडतो. मेच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये, पाऊस पुरता लागण्याआधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूंना काजवे पाहायला गर्दी लोटते. काजव्याचं लुकलुकणं ही नराची हाक असते, आणि पानावर बसलेली मादी तिला स्वतःच्या लुकलुकण्यानं उत्तर देते. प्रौढ काजव्याला आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यात झाडावर टॉर्च रोखला की मादीला हाक दिसत नाही आणि नराला उत्तर. व्हिडिओत येतात हिरवी पानं, काजवे नाहीत. समाजमाध्यमांवर हजारो ठिपक्यांनी भरलेलं झाड दिसतं ते तिपाईवर कॅमेरा ठेवून, बराच वेळ उघड्या ठेवलेल्या शटरनं काढलेल्या अनेक फोटोंची जोडणी असते. फ्लॅशनं तसं काहीही मिळणार नाही. शिवाय माणसाचे डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकानं टॉर्च लावला की शेजारच्या सगळ्यांचा तो वेळ फुकट.

वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जातात, तेव्हाही तेच. अंड्यातून निघालेलं पिल्लू खाली क्षितिजाशी जिकडे उजळ दिसेल तिकडे वळतं, आणि मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. मागून फोनचा झोत पडला तर ते फिरून वाळूत परत येतं.

‘फ्लॅशमुळे बॅटरी संपते’

टॉर्चचा एलईडी साधारण अर्धा ते एक वॅट खातो. व्हिडिओ काढताना स्क्रीन, सेन्सर आणि प्रोसेसर मिळून त्याहून बरंच जास्त खातात. खरी अडचण उष्णतेची. मे महिन्यात लांबलचक रेकॉर्डिंग चाललं तर फोन स्वतःच फ्लॅश बंद करतो. तो बिघाड नसतो, कव्हर काढून सावलीत ठेवला की परत चालू होतो. रेकॉर्डिंग सुरू असताना वरच्या पट्टीतलं टॉर्चचं बटण दबत नाही, तेही बिघडल्यामुळे नाही. हा दिवा कॅमेऱ्याच्याच ताब्यात असतो, म्हणून कॅमेरा उघडला की तो कॅमेऱ्यातूनच लावावा लागतो.

‘तान्ह्या बाळाचे डोळे फ्लॅशनं जातात’

जात नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासताना डॉक्टर याहून प्रखर उजेड थेट बाहुलीत सोडतात. सलग टॉर्च चेहऱ्याजवळ धरू नये, कारण बाळ किरकिरेल आणि व्हिडिओत मिटलेले डोळेच येतील. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोंत मात्र एक गोष्ट जरूर पाहावी. डोळ्यांत लाल चमक आली तर ती पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांची असते आणि त्यात काळजीचं काही नसतं. पण एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची वारंवार पांढरी दिसत असेल, तर ते फोटो घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावं. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोग कित्येकदा असाच घरच्या फोटोतून पहिल्यांदा लक्षात आलेला आहे.

मग फ्लॅश लावायचा कधी? हाताच्या अंतरावरची, देखणी दिसण्याची गरज नसलेली वस्तू असेल तेव्हा बेलाशक. वीजमीटरचं रीडिंग, सिंकखालची गळती, गाडीच्या पोटाला लागलेला मार, पानाच्या पाठीमागची कीड. अशा व्हिडिओत मागची पार्श्वभूमी काळी पडली तरी कोणाचं अडत नाही. मीटरवर काच असली तर फोन समोर न धरता जरा तिरका धरावा, नाही तर चकाकी नेमकी आकड्यांवर येते.