पाणी भूतानचे, प्रकाश दोघांचा

सन १९५८ च्या सप्टेंबर महिन्यात पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू भूतानच्या भेटीस निघाले, तेव्हा त्यांना सिक्कीममधून नथुला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोडे व याक यांच्या पाठीवर बसून पारो गाठावे लागले. भारताच्या मैदानातून भूतानच्या अंतर्भागात जाणारा मोटाररस्ताच तेव्हा अस्तित्वात नव्हता. आज तोच देश भारताला वीज पुरवतो. दोन शेजाऱ्यांचे आर्थिक संबंध कसे उभे राहतात आणि त्यांत कोणत्या अडचणी येतात, हे समजून घेण्यास या देशाचा अनुभव उद्बोधक आहे.

प्रथम रस्ता, मग बाजारपेठ

१९६१ मध्ये सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने भूतानमधील रस्तेबांधणीस प्रारंभ केला. सीमेवरील फुंटशोलिंगपासून थिंपूपर्यंत रस्ता झाला आणि पश्चिम बंगालमधील जयगाव भूतानच्या व्यापाराचे प्रवेशद्वार बनले. १९७२ च्या व्यापार करारान्वये उभय देशांत मुक्त व्यापार सुरू झाला. समुद्रकिनारा नसलेल्या या देशाचा इतर राष्ट्रांशी होणारा व्यापार भारतीय भूमीवरून होऊ लागला. १९७४ मध्ये भूतानने न्गुलट्रम हे स्वतःचे चलन प्रचारात आणले. त्याचे मूल्य भारतीय रुपयाइतकेच ठेवण्यात आले.

नद्यांचे धन

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. मोठे कारखाने उभारावेत इतकी बाजारपेठ तेथे नाही. मात्र हिमालयातून वेगाने उतरणाऱ्या नद्या आहेत. वांगछू नदीवरील ३३६ मेगावॉट क्षमतेच्या चुखा प्रकल्पाचा करार १९७४ मध्ये झाला व १९८६ पासून तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. खर्चापैकी ६० टक्के रक्कम भारताने अनुदान म्हणून व ४० टक्के कर्जरूपाने दिली. भूतानची गरज भागल्यावर उरणारी वीज भारताने विकत घ्यावी आणि त्या उत्पन्नातून कर्ज फेडले जावे, अशी ही योजना होती. पुढे याच नदीवर १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्प उभा राहिला. २०१९ मध्ये ७२० मेगावॉटचा मांगदेछू प्रकल्प राष्ट्रास अर्पण झाला. वीजविक्री हे भूतान सरकारच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन झाले. शाळा व आरोग्यकेंद्रे चालविण्यास त्या उत्पन्नाचा हातभार लागला.

नाण्याची दुसरी बाजू

तथापि, हे चित्र सर्वस्वी उजळ आहे असे मानणे योग्य होणार नाही. चुखाच्या वेळी अनुदान अधिक व कर्ज कमी होते. मांगदेछूच्या वेळी हे प्रमाण उलटून ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज असे झाले. कर्जाचा बोजा वाढल्यावर विलंब परवडत नाही. १,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ प्रकल्पात २०१३ साली धरणाच्या जागी डोंगराचा कडा खचला. काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि खर्च वाढत गेला. एक युनिट वीजही निर्माण होण्यापूर्वी कर्जावर व्याज मात्र चढत राहिले.

दुसरी अडचण ऋतूंची आहे. आपल्या कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयात साठते व वर्षभर पुरवून वापरता येते. भूतानचे प्रकल्प मुख्यतः नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. पावसाळ्यात वीज विपुल असते. हिवाळ्यात प्रवाह आटताच भूतानलाच भारताकडून वीज घ्यावी लागते.

तिसरी बाब चलनाची. बहुतेक गरजेच्या वस्तू भारतातून येत असल्याने भूतानला सतत रुपये लागतात. २०१२ मध्ये रुपयांची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा मोटारींची आयात व गृहबांधणीची कर्जे थांबविण्याची पाळी त्या सरकारवर आली. एकाच ग्राहकावर व एकाच मालावर विसंबण्याचा धोका त्या वेळी सर्वांच्या ध्यानी आला.

पुढील वाटचाल

नोव्हेंबर २०२५ मध्ये १,०२० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-२ प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी आसाममधील कोक्राझारपासून गेलेफूपर्यंत आणि पश्चिम बंगालमधील बानरहाटपासून साम्त्सेपर्यंत लोहमार्ग टाकण्याची योजना जाहीर करण्यात आली. हे मार्ग पूर्ण झाल्यावर भूतान प्रथमच रेल्वेने जोडला जाईल आणि विजेखेरीज अन्य मालालाही वाट मिळेल.

भारताला स्वच्छ वीज हवी आहे, भूतानला उत्पन्न व तरुणांना रोजगार. या दोन्ही गरजा परस्परपूरक आहेत. मात्र मोठ्या शेजाऱ्याने विजेचा दर वाजवी ठेवणे आणि हाती घेतलेले काम वेळेवर पुरे करणे अगत्याचे आहे. आपल्या दृष्टीने जो एका प्रकल्पाचा विलंब ठरतो, तो लहान देशाच्या तिजोरीस वर्षानुवर्षे सोसावा लागतो. एकेकाळी जेथे याकच्या पाठीवरून जावे लागे, तेथे रस्ता पोहोचला, वीजवाहिन्या पोहोचल्या. आता हा व्यवहार उभयतांना सारखाच लाभाचा राहील, याची काळजी वाहणे हेच पुढील काळाचे खरे काम आहे.