रकाना नसलेले दुःख

काटोलच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. एक संत्रा बागायतदार दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा, समोर बसायचा आणि खात्यातली शिल्लक विचारायचा. शिल्लक त्यालाही पाठ होती, मलाही. एकदा उठता उठता म्हणाला, "साहेब, रातभर डोक्शात रहाट फिरते. झोपच नाई येत." मी पीककर्जाचा अर्ज पुढे ओढला. क्षेत्र, झाडांची संख्या, बहार, जामीनदार असे सगळे रकाने त्यात होते, झोपेचा नव्हता. पुढे फळगळीच्या हंगामात धाकट्या भावाने त्याला नागपूरच्या मनोरुग्णालयात नेले, हे मला चहाच्या टपरीवर कळले.

परवा नात्यातली एक मुलगी सुट्टीला आली आणि हे सारे आठवले. ती आरोग्याच्या माहितीवर संशोधन करते. कृत्रिम बुद्धिमत्तेला मनाचे दुखणे ओळखता येईल काय, हा तिचा विषय. "म्हणजे दिवसभर करतेस काय?" मी विचारले. "काका, नोंदी वाचते."

यंत्र शिकते ते नोंदींवरूनच. हजारो रुग्णांचे बोलणे, प्रश्नावलीची उत्तरे, बोलण्याची गती, मध्येच पडणारे थांबे आणि पुढे डॉक्टरांनी लिहिलेले निदान हे सगळे त्याला दाखवायचे. त्यातल्या खाणाखुणा टिपून ते नव्या माणसाविषयी अंदाज बांधते. आम्ही बँकवाले म्हणायचो, जे खतावणीत नाही ते ताळेबंदात येत नाही. इथेही तेच. आपली माणसे 'उदास वाटते' असे क्वचितच म्हणतात. छातीत धडधडते, अंगात ताकद नाही, म्हणतात. कागदावर 'अशक्तपणा' लागतो आणि माणूस टॉनिकची बाटली घेऊन घरी जातो. निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले ते १२ राज्यांत. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मग शहरी, इंग्रजी बोलण्यावर शिकलेल्या यंत्राला डोक्यातला रहाट कसा कळावा?

माणसांना मात्र तो कळू शकतो. काटोलच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. प्रशिक्षण घेतलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलत राहिले. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले; हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध झाले. यंत्र यायचे तर अशा कार्यकर्त्याच्या हाताखाली यावे, त्याच्या जागी नव्हे.

दुसरी भीती माझ्या जुन्या खुर्चीतली. अशी नोंद उद्या कर्ज देणाऱ्याच्या टेबलावर पोचली तर? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण कागद कसे फिरतात ते मी पाहिले आहे. ज्याला ही धास्ती आहे, तो खरे बोलणारच नाही आणि नोंद पुन्हा खोटीच राहील.

तोवर एक सोय घरोघरी ठाऊक असावी : १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस'. १४४१६ हा क्रमांक फिरवला की चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

मुलीने 'डोक्शात रहाट फिरते' हे वहीत उतरवून घेतले, रहाट म्हणजे काय ते समजून घेतले. मग सहज विचारले, "काका, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात?"

मी सही कुठे करायची ते दाखवले होते.