शिंग दिसलं म्हणजे गेंडा भुंगा नव्हे

पहिल्या पावसानंतर कामठीत एखाद्या दिव्याखाली काळाकुळकुळीत, शिंगवाला, दोन इंचांचा भुंगेरा आपटला की त्याला बिनदिक्कत गेंडा भुंगा म्हटलं जातं आणि पाठोपाठ चप्पल उगारली जाते. पण आकार आणि शिंग या सगळ्यात आधी डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीच ओळखीसाठी सर्वांत कुचकामी. शिंग बहुधा नराचं हत्यार असतं, तेही दुसऱ्या नराशी झुंजायला. त्यात नांगी नाही की विष नाही. ते किती वाढणार, हे अळीपणी किती खायला मिळालं यावर बरंचसं ठरतं, म्हणून एकाच जातीत भलं थोरलं शिंग आणि नुसता उंचवटा असे दोन्ही नर सापडतात. ‘मोठा म्हणजे जुना’ हेही चूक, कारण पंख फुटल्यावर भुंगेरा वाढत नाही. हातात धरल्यावर तो कुरकुरतो खरा, पण तो शरीराचे भाग एकमेकांवर घासल्याचा आवाज असतो.

मग पाहायचं काय? पंखांची कवचं जिथे छातीला भिडतात, तिथे मधोमध लहानसं त्रिकोणी ढालपान दिसतं का ते पाहावं. गेंडा भुंग्याला ते स्पष्ट असतं, डोक्यावर मागे वळलेलं एकच शिंग असतं, आणि मादीच्या शेपटाकडे तांबूस केसांचा झुबका असतो. त्याच मापाचा मोठा शेणकिडा, हेलिओकॉप्रिस, हाही शिंगवालाच. पण त्याला ढालपान दिसत नाही, डोकं पुढून फावड्यासारखं पसरट असतं आणि पुढचे पाय रुंद व दातेरी, माती उकरायला घडलेले. त्याचे जबडे मऊ असतात. शेणातला रस खाणारा हा प्राणी चावणार कशाने? मादी जमिनीखाली शेणाचे गोळे करून त्यावर मातीचा लेप देते आणि आत पिल्लं वाढतात. असे वाळून कडक झालेले गोळे खणताना सापडले, तेव्हा ते जुने दगडी तोफगोळे समजले गेल्याचं जुन्या कीटकशास्त्रीय लिखाणात आढळतं. 1821 पासून छावणी असलेल्या कामठीत हा घोटाळा आजही सहज होऊ शकेल.

यावर कोणी म्हणेल, गेंडा भुंगा तर नारळाचा शत्रू, मग ओळख पटवत बसायची कशाला, मारून मोकळं व्हावं. कोकणात त्याचा उपद्रव खराच आहे: तो शेंड्यात शिरून न उमललेलं पान कुरतडतो आणि पुढे उमललेल्या झावळीवर त्रिकोणी कापलेल्या खुणा दिसतात. पण दिव्याखालचा एक मारून झाड वाचत नाही. त्याची पैदास उकिरड्यात आणि कुजलेल्या खोडात होते. शेणखत वेळच्या वेळी उपसणं आणि खड्ड्यात मेटारायझियम बुरशी वापरणं हा नेमका इलाज. शिवाय चपलेखाली शेणकिडा आला, तर गोठ्याभोवतीचं शेण फुकटात जमिनीत गाडणारा मजूरच गेला.

खड्ड्यातल्या पांढऱ्या, वाकड्या अळीबाबतही असंच होतं. ती दिसली की ‘हुमणी’ म्हणून विष ओतलं जातं. हुमणी जिवंत मुळं खाते. खतात मुरलेली अंगठ्याएवढी जाड अळी बहुधा गेंडा भुंग्याची, आणि तिचं अन्न कुजलेला पाला-शेण. अळी पाठीवर उताणी होऊन सरकत असेल, तर ती फुलभुंगेऱ्याची. सपाट जमिनीवर मिनिटभर सोडून पाहिली तरी एवढं कळतं.

फोनवर फोटो टाकला की नाव मिळतं, ही सोय चांगली आहे, पण वरून काढलेल्या एकाच फोटोवर ती फसते. पाठ, बाजू, डोकं समोरून आणि पोटाकडचा भाग असे चार फोटो हवेत, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. तारीख आणि जागाही लिहावी: गोठ्याजवळ, शिंदीखाली की कन्हान नदीच्या काठी. जात सांगायला शिंगापेक्षा ही टिपणंच जास्त उपयोगी पडतात.