फॅमिलीसोबत पहिल्यांदाच रेल्वेनं निघताय? संभाजीनगरकरांनो, आधी तिकीट वाचायला शिका

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात ठरतं, यंदा गाडी करायची नाही, रेल्वेनं जायचं. पोरं खूश, आजी-आजोबा तयार. मग कुणीतरी मोबाईलवर बुकिंग करतं, तिकिटावर येतं 'वेटिंग १४' आणि सगळे म्हणतात, "होईल की कन्फर्म!"

पहिल्या ट्रिपचा खेळ बहुतेकदा इथंच बिघडतो. कारण वेटिंग १४ चा अर्थ प्रत्येक तिकिटावर सारखा नसतो.

बुकिंग कधी उघडतं?

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे १ मे ला निघायचं असेल तर २ मार्चला सकाळी ८ वाजता तयार राहा. आणि हो, ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या स्टेशनचं नाव बदललंय. शोधताना 'छत्रपती संभाजीनगर' किंवा 'सीपीएसएन' हा नवा कोड टाका. जुना 'एडब्ल्यूबी' विसरा.

आपलं वेटिंग वेगळं का?

निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाला. तेव्हापासून आपलं स्टेशन या मार्गावर मधलं आहे. अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस नांदेडहून सुटते, मुंबईची तपोवनही नांदेडहून. गाडीतल्या जागा वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या असतात आणि मधल्या स्टेशनांच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात.

म्हणून वेटिंगच्या आकड्याआधी त्याच्यासमोरची अक्षरं बघा.

- जीएनडब्ल्यूएल: हे साधारणपणे गाडी सुटते तिथल्या किंवा जवळपासच्या स्टेशनांचं वेटिंग. कन्फर्म व्हायची शक्यता त्यातल्या त्यात जास्त.
- आरएलडब्ल्यूएल: मधल्या मोठ्या स्टेशनांचं वेटिंग. त्याच कोट्यातलं कुणी तिकीट रद्द केलं तरच पुढं सरकतं.
- पीक्यूडब्ल्यूएल: अनेक मधल्या स्टेशनांचा मिळून एक कोटा. शक्यता कमी.

जागा मिळतच नसेल तर मनमाडहून शोधून बघा. ते सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि मुंबईहून उत्तरेकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथं थांबतात.

वेटिंग राहिलंच तर?

ऑनलाइन तिकिटावरचे सगळेच जण वेटिंगवर राहिले, तर चार्ट लागल्यावर तिकीट आपोआप रद्द होतं. थोडी रक्कम कापून पैसे परत येतात, पण त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही.

खरी पंचाईत अर्धवट तिकिटाची. पाच जणांपैकी तिघं कन्फर्म आणि दोघं वेटिंगवर असतील, तर तिकीट आपोआप रद्द होत नाही. पैसेही आपोआप परत येत नाहीत. मग तीन बर्थवर पाच जणांनी रात्र काढायची.

आरएसी असेल तर मात्र बिनधास्त चढा. बसायला जागा नक्की मिळते, फक्त साइड लोअर बर्थ दोघांत वाटून घ्यावा लागतो.

पोरं आणि आजी-आजोबा

५ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षांखालच्या मुलाला स्लीपर किंवा थर्ड एसीत बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. रात्रभराचा प्रवास असेल तर इथं पैसे वाचवायला जाऊ नका. दहा वर्षांचं पोरगं मांडीवर झोपत नाही.

एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात. पण ज्येष्ठांसाठी राखीव लोअर बर्थचा कोटा एक किंवा दोनच प्रवासी असलेल्या तिकिटावर चालतो. सगळ्यांसोबत नावं टाकली की त्याचा फायदा जातो. त्यामुळे आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढणं बऱ्याचदा फायद्याचं. डबा वेगळा येऊ शकतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

कोणता बर्थ कुठं?

स्लीपर आणि थर्ड एसीत बर्थ नंबरला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मिडल, ३ किंवा ६ तर अप्पर. बाकी ७ म्हणजे साइड लोअर, शून्य म्हणजे साइड अप्पर. उदाहरणार्थ, ३७ नंबर: बाकी ५, म्हणजे मिडल. मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ उघडायचा असतो, त्यामुळे लवकर झोपणाऱ्या आजोबांना तो देऊ नका.

निघताना मूळ ओळखपत्र घ्या आणि १३९ हा हेल्पलाइन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा. फॅमिली ग्रुपवर "तिकीट झालं" असं टाकण्याआधी मात्र त्यावरची अक्षरं एकदा नीट वाचा.