लेकींच्या वाटेने आलेला कारखाना

‘मारिओ’ हे नाव मुलांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, अशी आई आता विरळाच! मुलं टीव्हीसमोर ठाण मांडतात आणि वाढलेली पानं निवत राहतात. पण मैत्रिणींनो, हा खेळ काढणाऱ्या जपानच्या निन्टेन्डो कंपनीची घरगुती हकीकत ऐकलीत का?

क्योतो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी पत्ते बनवायला सुरुवात केली. राजा-राणीचे नव्हेत हं! तुतीच्या सालीच्या कागदाचे, फुला-झाडांच्या चित्रांचे ४८ पत्ते. बारा महिन्यांची चार-चार पानं. मार्चच्या पानांवर चेरीचा बहर. नावही तसंच, ‘हानाफुदा’, म्हणजे फुलांचे पत्ते. जुगारी लोकांत त्यांना भारी मागणी!

धंदा वाढला, पण फुसाजिरोंना वारसदार मुलगा नव्हता. मग तिथल्या रीतीप्रमाणे लेक तेई हिच्या नवऱ्यालाच दत्तक घेतलं. त्याने सासऱ्याचं आडनाव लावलं. आपल्याकडे घरजावयाला नावं ठेवतात, तिथे त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या! हे सेकिर्यो १९२९ मध्ये मालक झाले. दैव पाहा, त्यांच्याही पोटी मुलगा नाही. पुन्हा लेक, किमी, पुन्हा घरजावई. हा मात्र बायको-मुलाला टाकून निघून गेला. छोटा हिरोशी आजी-आजोबांजवळ वाढला. वडील पुढे भेटायला आले, तर त्याने भेटच नाकारली. पोरवयातला घाव तो!

१९४९ मध्ये आजोबा आजारी पडले. २१ वर्षांच्या हिरोशीने शिक्षण सोडून कारभार घेतला, पण अट घालून: कंपनीत घरातलं दुसरं कुणी नको. माणूस कडक, पण नजर पारखी. १९५९ मध्ये त्याने डिस्नेच्या चित्रांचे पत्ते काढले आणि पत्ते जुगाराच्या अड्ड्यावरून मुलाबाळांच्या घरात आणले. झटपट भाताचा धंदा मात्र साफ बुडाला.

यंत्रांच्या देखभालीसाठी ठेवलेल्या गुनपेई योकोई यांनी फावल्या वेळात लांबून वस्तू पकडणारा एक गमतीचा हात बनवला होता. दुसरा मालक रागावला असता. हिरोशीने तोच बाजारात आणला. १९६६ साली आलेलं हे खेळणं दहा लाखांवर खपलं. तिथून कंपनी खेळण्यांकडे वळली. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’मध्ये पुढे मारिओ म्हणून गाजलेला सुतार अवतरला, आणि १९८३ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचं यंत्र आलं.

हिरोशी २००२ मध्ये पायउतार झाले आणि अध्यक्षपद प्रथमच घराबाहेर, सातोरू इवाता यांच्याकडे गेलं. २०१३ मध्ये हिरोशी वारले. अध्यक्षांच्या यादीत तेई आणि किमी कुठेच नाहीत. फुलांचे ते पत्ते मात्र कंपनी आजही विकते.