मनाची औषधं : भाग ६ – गोळी कोणती, हे रक्त सांगेल का?

नैराश्यावरची गोळी लागू पडते की नाही, हे कळायला चार ते सहा आठवडे जातात, हे मागच्या भागात पाहिलं. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण जेमतेम एक तृतीयांश होते. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणंही जड जातं, त्याला ‘अजून दीड महिना बघू’ म्हणणं फार कठीण असतं. म्हणून पहिल्याच दिवशी रक्तावरून औषध ठरवता आलं तर हवंच आहे.

सध्या आशा आहे ती सीआरपीवर. शरीरात कुठेही दाह असला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. २०१४ साली रुडॉल्फ उहर यांच्या गटाला युरोपातल्या रुग्णांत दिसलं, की सीआरपी लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असलेल्यांना एस्सिटालोप्राम अधिक मानवतं, त्यावर असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. २०१७ मध्ये डॅलसच्या मधुकर त्रिवेदींच्या गटानेही हीच सीमा धरून पाहिली. सीआरपी १ च्या वर असलेल्यांना एस्सिटालोप्रामच्या जोडीला बुप्रोपिऑन दिल्याने जास्त फायदा झाला. मात्र दोन्हीकडचे रुग्ण मिळून चारशेही नव्हते.

मग पनवेलच्या लॅबमध्ये उद्यापासून हे का करू नये? तापात काचपट्टीवर जी सीआरपी करतात, ती ६ च्या खालचं पकडतच नाही; रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ येतं आणि संपलं. १ चा भेद करायला हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी लागते. आणि तीही सुजलेल्या हिरड्यांनी, नुकत्याच होऊन गेलेल्या तापाने, पोटावरच्या चरबीने वर जाते.

चरबीचं आपल्याकडे विशेष आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! परदेशात ठरलेला १ चा आकडा आपल्या अंगाला जसाच्या तसा लागू होईल, हे मला पटत नाही. कामोठ्याच्या एमजीएमसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांनी तो इथल्या रुग्णांवर तपासून पाहावा, असं मनापासून वाटतं.

तोवर साध्या तपासण्या विसरू नयेत. याज्ञिकांच्याच अभ्यासात पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं होतं. बी-१२ घटलं, थायरॉईड मंदावलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर थकवा आणि उदासी गोळी घेऊनही मागे राहू शकते. कोणती गोळी द्यावी हे या तपासण्या सांगत नाहीत. चालू गोळी कुठे अडतेय, हे मात्र त्यांतून कळू शकतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा : टीएसएच, बी-१२, हिमोग्लोबिन शेवटचं कधी केलं होतं? गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. भेटीआधीच जीव घाबरा झाला तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

(पुढील भागात : जनुकं आणि गोळीचा डोस)